अव्यक्तांची बेरीज

तुळजापुरीं जाऊन आलेल्या वाचकांनीं भवानीच्या भक्तांच्या गळ्यांतील कवड्यांची माळ पाहिली असेलच. आज ती कवडी केवळ भक्तीची खूण आहे. एके काळीं ती चलनही होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ंतील नाण्यांचें कोष्टक कवडीपासूनच सुरू होतें: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. बैजिक राशींच्या बेरजेपाशीं शाळेंतील मुलें हटकून अडखळतात. त्या बेरजेचें मर्म या कोष्टकाच्या आधारें चांगलें उलगडतें, असें आम्हांस वाटतें.

मुलास ‘३य + ५’ असें लिहून दिलें कीं तें बेधडक ‘८य’ असें उत्तर देतें. मग तीन आंबे व पांच केळीं यांची बेरीज होत नाहीं, अशी त्याची समजूत घालण्यांत येते. समजूत सोपी खरी, पण फसवी. ‘आठ फळें कां म्हणूं नयेत?’ असें मुलानें विचारलें तर त्यास काय उत्तर द्यावें? शिवाय ‘य’ म्हणजे एखादी वस्तु, असा ग्रह त्याच्या मनांत कायमचा ठसतो. वास्तविक ‘य’ ही संख्याच आहे. ती अद्याप कळलेली नाहीं, इतकेंच.

आपल्या पूर्वसूरींची परिभाषा या बाबतींत अधिक नेमकी होती. इ. स. १११४ मध्यें जन्मलेले भास्कराचार्य आपल्या ‘बीजगणितां’त अज्ञात संख्येस ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितकें तितकें’, असें म्हणतात. अज्ञात संख्या अनेक असल्यास पुढील संख्यांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशीं रंगांचीं नांवें मिळतात. ज्ञात संख्येस ‘रूप’ म्हणत. लिहितांना या, का, नी, रू हीं आद्याक्षरें घेत आणि ऋण अंकाच्या डोक्यावर टिंब देत. एका जातीच्या पदांची बेरीज वा वजाबाकी करावी, भिन्न जातींचीं पदें वेगळीं ठेवावीं, हा त्यांचा नियम. आणि तो इ. स. ६२८ मधील ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथांतही आढळतो.

भास्कराचार्यांचें पहिलेंच उदाहरण पाहावें. एक अव्यक्त व एक रूप यांत दोन अव्यक्त उणे आठ रूपें मिळविलीं तर काय होईल, असें ते वाचकास ‘सखा’ म्हणून विचारतात. उत्तर: तीन अव्यक्त उणे सात रूपें. येथेंच थांबावयाचें. कां? तर कवडी आणि काकिणी यांचा दर ठाऊक असल्यामुळें त्यांची एकत्र बेरीज करतां येते. ‘या’ आणि ‘रू’ यांचा दर मात्र अजून ठरावयाचा आहे. ‘या’ची किंमत पांच निघाली, तर पहिली राशि सहा व दुसरी दोन होते, आणि तीन वेळां पांच उणे सात म्हणजे आठ हें उत्तर तंतोतंत जुळतें. दर कळेपर्यंत पदें वेगळीं ठेवणें हा अपुरेपणा नव्हे, तो प्रामाणिकपणा होय.

ही विद्या मराठी मुलखास परकी नव्हती. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचें चाळीसगांवजवळील पाटणच्या इ. स. १२०७ च्या शिलालेखावरून कळतें. पुढें १५३८ मध्यें ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ नांवाची टीका लिहिणारा सूर्यदास हा गोदाकांठच्या पार्थपुरचा. तें गांव म्हणजे आजचें पाथरी असें मानतात. म्हणजे ज्या मराठवाड्यांत तुळजापूर आहे, त्याच मराठवाड्यांत सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं हा नियम बारकाईनें समजावून सांगितला जात होता.

म्हणून आमचें शिक्षकांस व पालकांस इतकेंच सांगणें आहे कीं, आंबे आणि केळीं मुलांच्या हातीं खाण्यासाठीं द्यावींत. बेरीज शिकवितांना कवडीचें कोष्टक पुढें मांडावें, आणि ‘दर ठाऊक आहे काय?’ हा एकच प्रश्न विचारावा. ज्या मुलास तो प्रश्न स्वतः विचारतां येऊं लागला, तें ‘८य’ असें पुन्हां सहसा लिहिणार नाहीं.