सातबाऱ्याबाहेरची माणसे

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून हजारो शेतकरी पायी मुंबईकडे निघाले. किसान सभेच्या लाल झेंड्याखालच्या या मोर्चात बहुसंख्य आदिवासी होते. सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चच्या पहाटे ते आझाद मैदानात पोचले. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीत मारली. मुंबईकरांनी त्यांचे सोललेले तळवे पाहिले, पाणी दिले, चपला दिल्या. शासनाचे आदिवासींकडे दुर्लक्ष झाले, असे तेव्हा अनेकांनी हळहळून म्हटले. 'दुर्लक्ष' हा शब्द प्रस्थापितांना फार सोयीचा आहे. त्यात विस्मरण असते, गुन्हा नसतो. पण नाशिक जिल्ह्याचा इतिहास काय सांगतो?

१८५७ च्या ऑक्टोबरात सिन्नरजवळ नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईक या भिल्ल पुढाऱ्याच्या माणसांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला. भागोजी पूर्वी नगरच्या पोलिसात नोकरीला होता. राज्ययंत्रणा त्याने आतून पाहिली होती. दोन वर्षे तो डोंगरांतून लढला आणि १८५९ च्या नोव्हेंबरात मारला गेला. १८५७ च्या अखेरीस पेठकडचे कोळी उठले. पेठच्या राजघराण्यातील भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिली. हा सारा वृत्तांत १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आहे, पण तो बंदोबस्ताच्या भाषेत. कोण पकडला गेला, कोण मारला गेला हे त्यात आहे. तो का उठला, हे त्याच्या तोंडून कुठेही येत नाही.

१८७८ हे साल या दृष्टीने ध्यानात ठेवले पाहिजे. बेगमेच्या मृत्यूनंतर पेठ संस्थान त्याच वर्षी खालसा झाले, आणि त्याच वर्षी इंग्रजांनी नवा वनकायदा केला. राखीव जंगलाची हद्द आखली गेली, आणि ज्या उतारावर बापजाद्यांनी राब भाजून नागली-वरई पिकवली तिथे नातू अतिक्रमणदार ठरला. म्हणजे शासन डोंगरात पोचले नव्हते असे नाही. दवाखाना आणि शाळा यांच्या कितीतरी आधी जंगलखात्याचा गार्ड पोचला होता. १९४७ नंतरही हद्दीच्या खुणा तिथेच राहिल्या. १९२७ चा इंग्रजी वनकायदा स्वतंत्र भारताने तसाच चालू ठेवला.

हा ऐतिहासिक अन्याय होता, अशी कबुली २००६ च्या वनाधिकार कायद्याने आपल्या प्रास्ताविकातच दिली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, कुटुंबामागे ४ हेक्टरपर्यंतची जमीन नावावर करण्याचा हक्क या कायद्याने दिला. पण पुरावा कोणता? नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाब धरला आहे, आणि दंडाची पावतीही पुरावा म्हणून पुढे करता येते. ज्या पावतीने बापाला गुन्हेगार ठरवले, तीच मुलाला मालक ठरवू शकते! मात्र ज्याच्याकडून कोंबडी आणि रोकड घेऊन पावती दिलीच नाही, त्याने काय दाखवावे? त्याच्या बाजूने बोलतील ती गावातली म्हातारी माणसे. आणि साहेबाला कागद हवा असतो.

२०१८ साली सरकारने लेखी आश्वासन दिले आणि वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू म्हटले. २०१९ च्या फेब्रुवारीत लोकांना पुन्हा नाशिकहून निघावे लागले. त्याच महिन्यात, १३ तारखेला, दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली, पण तेवढे दिवस डोंगरातल्या माणसाने कसे काढले असतील? २०२३ च्या मार्चमध्ये मोर्चा दिंडोरीहून निघाला आणि वाशिंदला थांबला. तिथे एका शेतकऱ्याचा जीव गेला.

पाण्याचेही तेच आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरातले वैतरणेचे पाणी धरणातून मुंबईला जाते. त्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेंद्रीपाड्याच्या बाया लाकडी बल्ल्यांवरून तोल सावरत दरी ओलांडून हंडे आणीत होत्या. छायाचित्रे छापून आल्यावर २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल झाला. जुलैच्या पुरात तो वाहून गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरगाण्यातील सीमेवरची गावे म्हणाली, सोयी देणार नसाल तर आम्हाला गुजरातेत घाला. या मागणीला महाराष्ट्रद्रोह म्हणण्याआधी महाराष्ट्राने त्यांना काय दिले, याचा हिशेब व्हायला हवा.

या प्रश्नाशी आपला, दलित चळवळीचा, काय संबंध, असे कुणी विचारील. २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह नाशकातला, १९३५ ची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यातल्या येवल्याची. काळारामच्या लढ्यात पुढे असलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, तेव्हा मागणी पडीक आणि सरकारी जमिनीची होती, ती कसणाऱ्या हातांसाठी. गायरानावरचा दलित आणि वनजमिनीवरचा आदिवासी या दोघांनाही शासनदरबारी एकच नाव आहे : अतिक्रमणदार.

फरक एवढाच, की आपल्यापाशी 'मूकनायक' होता, 'बहिष्कृत भारत' होता, 'जनता' होती. आपला इतिहास आपण आपल्या हाताने लिहिला. डोंगरातल्या माणसाचा इतिहास अजून पोलिसांच्या आणि जंगलखात्याच्या दप्तरात पडून आहे. पेठ-सुरगाण्याची मुले आज नाशिकच्या कॉलेजांत शिकत आहेत. पहिल्या पिढीचा पदवीधर घरात काय बदल घडवतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. या मुलांनी आजा-आजींचे जबाब लिहून घ्यावेत : कोणते शेत कधीपासून कसले, दंड किती, पावती मिळाली की नाही. तो इतिहास होईल आणि ग्रामसभेपुढे पुरावाही होईल. त्यांच्या शेजारी बसून हे काम शिकवणे आणि करणे ही आपली, शिक्षकांची आणि कार्यकर्त्यांची जबाबदारी आहे. पुढचा मोर्चा निघेल तेव्हा चपला वाटणारे पुष्कळ भेटतील. हे काम मात्र त्याआधी व्हायला हवे.