अतिवापराची दुखणी (चाकण पट्टा)

अतिवापराची दुखणी : एकच हालचाल पुन्हापुन्हा केल्याने, अवघडून तासन्‌तास उभे राहिल्याने किंवा हत्याराच्या हादऱ्यांनी स्नायू, कंडरा, सांधे व नसा यांना होणारी इजा. बोलीत तिला रग, करक, चमक, उसण, लचक अशी निरनिराळी नावे आहेत आणि ती पुष्कळदा वैद्यकीय नावांपेक्षा नेमकी ठरतात. रग श्रमाने हळूहळू लागते, उसण श्वास घेता घेता अचानक भरते, लचक एका चुकीच्या वळणाने भरते. प्रस्तुत नोंदीचा विषय मुख्यतः रग आहे.

खेड तालुक्यातील चाकणची जुनी ओळख कांद्याच्या बाजाराची. तेव्हाचे दुखणे हमालाच्या पाठीचे आणि मानेचे होते. शंभर किलोचे पोते पन्नासावर आणावे, ही राज्यातील हमाल संघटनांची मागणी त्याच दुखण्यातून आली. बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये आणि फोक्सवागनचा २००९ मध्ये येथे सुरू झाला. सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने त्यांच्याभोवती वाढले. ओझे हलके झाले, फेऱ्या मात्र वाढल्या. जुळणीच्या ओळीवर मिनिटाला चार बोल्ट आवळायचे असे धरले, तर चहा-जेवणाची सुट्टी वजा जाता आठ तासांच्या पाळीत अठराशेच्या आसपास बोल्ट होतात. एकही बोल्ट जड नसतो. पण एअर गनचा झटका दर वेळी मनगटातून कोपरात जातो, आणि डोक्यावरच्या भागाला हात लावून धरताना खांद्याच्या कंडरांना विसावा मिळत नाही.

कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्याने तिची झीज भरून यायला महिने लागतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे हे याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. जर्मन वैद्य रुंगे यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले ते लेखणी चालवणाऱ्यांच्या संदर्भात. टेनिसचे नाव त्याला पुढच्या दशकात चिकटले. मराठी घरांत 'टेनिस एल्बो' पोहोचला २००४ मध्ये, सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपरामुळे. पुढच्या वर्षी त्याच्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. दुखणे पाना चालवणाऱ्याचे आणि लेखणी चालवणाऱ्याचे, नाव मात्र रॅकेटवाल्याचे!

हे नाव दिशाभूल करते, कारण पट्ट्यातला तरुण कामगार खेळतोही. साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी मोकळ्या प्लॉटवर टेनिस चेंडूचे सामने रंगतात, आणि सहा दिवस गन धरलेला हात सरावाशिवाय सीमारेषेवरून जोरात फेक करतो. झीज आठवड्याची असते, कळ सुट्टीच्या दिवशी येते. डॉक्टरांनी विचारले की उत्तर तयार असते: "खेळताना दुखावला." केसपेपरवर तेच उतरते. तपासणाऱ्याने पहिला प्रश्न खेळाचा नव्हे, कामाच्या जागेचा विचारायला हवा.

कायद्याची नजरही अपघातावर आहे. प्रेसमध्ये बोट गेले तर त्याची नोंद होते. झिजलेल्या खांद्याला तारीख नसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कळवण्याजोग्या रोगांच्या अनुसूचीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, आवाजाने आलेला बहिरेपणा होता. कोपर, मनगट, कंबर नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत मात्र कोपराचा हा विकार आणि मनगटातील नस दबणे, दोन्ही व्यवसायजन्य मानले आहेत.

कंबरदुखीचे स्थानिक निदान ठरलेले आहे : "मणक्यात गॅप आहे." वास्तविक मणक्यांमधले अंतर असते तेच कमी झालेले दिसते, आणि असे चित्र कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या एक्स-रे फोटोतही आढळते. तरी 'गॅप' ऐकलेला माणूस वाकायलाच घाबरतो, आणि हलणे सोडल्याने पाठ आणखी आखडते.

उपचारात पट्टा, मलम आणि वेदनाशामक गोळी यांनी कळ दबते. कंडरा सुधारते ती बेताबेताने भार वाढवत केलेल्या व्यायामाने. टेबलाची उंची बदलणे, गन वरून टांगून तिचे वजन काढून घेणे, दर दोन तासांनी जागा बदलणे हे उपाय ओळीवरचे आहेत. बजाजने २०१० नंतर जुळणीत माणसाशेजारी काम करणारे यंत्रमानव आणले. बोल्ट आवळण्यासारखी कामे त्यांच्याकडे गेली. लहान पुरवठादाराकडे ती अजून हातानेच होतात. तेथील ठेकेदाराच्या कामगाराला "तीन आठवडे हाताला विश्रांती" सांगितली, तर तो आधी खाड्यांचा हिशेब करतो.