शोभेची झाडे-झुडपे : उत्तर-उन्हाळ्यातील निगा

महाराष्ट्रात रस्त्यांकडेला, बागांत व सोसायट्यांच्या आवारांत लावलेल्या शोभेच्या झाडा-झुडपांची ऐन वैशाखापासून मृगाच्या पावसापर्यंत घ्यायची काळजी. या दिवसांत झाडावर दोन ताण पाठोपाठ येतात : आधी कोरडे ऊन, मग वळवाचे वादळ. त्यामुळे झाड वाढवण्यापेक्षा तगवण्याकडे लक्ष द्यावे लागते.

रोज नळीने वरवर शिंपडलेले पाणी उडून जाते. त्याऐवजी काही दिवसांआड, माती वीतभर तरी खोल भिजेल असे द्यावे. अळे बुंध्याला खेटून न करता पर्णसंभाराच्या कडेखाली करावे; पाणी शोषणारी बारीक मुळे तिथपर्यंत पसरलेली असतात. वर पालापाचोळ्याचे ५ ते ८ सेंमी. जाड आच्छादन घालावे, पण ते सालीला टेकू देऊ नये. बोगनवेलीला पाण्याचा हा नियम लागू नाही. ती पाणी तुटले की फुलते. हिरवळीच्या कडेला रोज भिजणारी बोगनवेल नुसती पाने काढते. नत्रयुक्त खत पाऊस सुरू होईपर्यंत थांबवावे, कारण त्याने आलेली कोवळी फूट उन्हात करपते.

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पुंजके आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की पिठ्या ढेकूण आला असे समजावे. रोगट शेंडे कापून नष्ट करावेत, उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मुंबईत गेल्या दशकात वाळलेल्या अनेक पर्जन्यवृक्षांवर याच किडीचा मोठा प्रादुर्भाव आढळला होता.

छाटणी वाळलेल्या, चिरलेल्या फांद्यांपुरती ठेवावी. फांदीची साल नखाने खरवडावी. आत हिरवे दिसले तर ती जिवंत आहे. मूळचा मादागास्करचा गुलमोहर उथळ मुळांचा व ठिसूळ लाकडाचा असल्याने वादळात आधी तोच कोसळतो. जड फांदी तीन कापांत उतरवतात : पहिला खालून अर्धवट, दुसरा थोडा पुढे वरून, आणि तिसरा खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता त्याच्या लगत. पहिला काप चुकवला तर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. खुंट ठेवला तर तो कुजतो. कापावर बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत आहे (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर), पण काप योग्य जागी असेल तर झाड तो स्वतःच बुजवते. तारांसाठी एकाच बाजूने झाड भादरणे ही मात्र छाटणी नव्हे. त्याने तोल जातो आणि नंतर येणारे फुटवे कच्च्या जोडाचे असतात.

शहरांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड स्वतःच्या आवारातले असले, तरी ते तोडण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या छाटतानाही ती घेणे इष्ट.

नव्या लागवडीचे खड्डे याच काळात खणून उन्हात तापू देतात. रोप मात्र पाऊस स्थिरावल्यावरच लावतात.