माहेरचं पाणी

निकोसियात भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी भाड्याचं काही बोलण्याआधी माझ्यापुढे एक बशी ठेवली. पाकात मुरलेला अख्खा कोवळा अक्रोड, आणि शेजारी गार पाण्याचा पेला. सायप्रसमध्ये दारी आलेल्या पाहुण्याला हे द्यायचं असतं. मला आजीचं गूळपाणी आठवलं. मी पेला एका दमात रिकामा केला, तशी त्या हसून म्हणाल्या, "हे समुद्राचं आहे बरं का. मशीनने गोडं केलेलं. आमच्या किथ्रेआचं पाणी प्यायला असतास, तर अक्रोड मागितलाच नसतास."

ऐंशीच्या घरातली ही बाई. सगळे तिला यायिया म्हणत, म्हणजे आजी. मीही तेच म्हणू लागलो. इंग्रजांच्या राज्यात शाळेत गेल्यामुळे तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा ठसठशीत होतं. भारतीय भाडेकरू तिला चालला, त्याचं श्रेय जनरल थिमय्यांना. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे ते इथे प्रमुख होते आणि डिसेंबर 1965 मध्ये याच बेटावर वारले. लार्नाका शहरात त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे. "आमच्या भांडणात पडायला आला आणि इथेच गेला बिचारा," यायिया म्हणायची.

ते भांडण थोडक्यात असं. 1960 मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला. तीन वर्षांत ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांमध्ये रक्त सांडलं. जुलै 1974 मध्ये ग्रीसच्या लष्करशहांनी इथलं सरकार उलथवलं, पाच दिवसांत तुर्कस्तानचं सैन्य उतरलं आणि बेटाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग त्याच्या ताब्यात गेला. मधोमध, थेट निकोसिया शहरातून, सुमारे 180 किलोमीटरची रेषा पडली. उत्तरेने 1983 मध्ये स्वतःला स्वतंत्र देश जाहीर केलं, पण तुर्कस्तान सोडला तर त्याला कुणीच मान्यता दिली नाही.

किथ्रेआ त्या रेषेच्या उत्तरेला राहिलं. यायियाचं ते जन्मगाव. ऑगस्ट 1974 मध्ये घर सोडताना तिने कुंड्यांना दुप्पट पाणी घातलं होतं, दोन दिवस पुरावं म्हणून.

गावाच्या वर एक झरा होता, केफालोव्रिसो. त्याच्या पाण्यावर ओळीने पिठाच्या चक्क्या फिरत. तुर्कांनी गावाला दिलेलं नाव देइरमेनलिक, त्यातही ही चक्कीच आहे. पाठीमागच्या डोंगराला ग्रीक पेंतादाक्तिलोस म्हणतात, तुर्क बेशपारमाक. दोन्हींचा अर्थ एकच, पाच बोटं. एवढं पाणी या कोरड्या डोंगरातून येतं कुठून, असं लहानपणी विचारलं की यायियाची आजी सांगे, "ते आपलं नाहीच. पलीकडे अनातोलियात बर्फाचे डोंगर आहेत, तिथून ते समुद्राखालून चालत येतं." गावात सगळे हेच मानत. भूगर्भशास्त्रज्ञांनी ही समजूत कधीच खोडली, पण आजीच्या गोष्टीला शास्त्रज्ञ काय करणार?

आणि 2015 मध्ये ती गोष्ट खरी झाली. तुर्कस्तानच्या अनामुर गावाजवळ अलाक्योप्रू धरण बांधलं गेलं. तिथून निघालेली जलवाहिनी सायप्रसच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या गेचितकोय धरणात येते. वाटेत 80 किलोमीटर समुद्र, काही ठिकाणी 1,400 मीटरपर्यंत खोल. तळाशी नळ टाकणं अशक्य, म्हणून दीड मीटरहून जास्त व्यासाचे प्लॅस्टिकचे नळ पाण्याखाली सुमारे 250 मीटरवर तरंगते ठेवले आणि दोरांनी तळाला बांधून घातले. वर्षाला 75 दशलक्ष घनमीटर पाणी, निम्मं पिण्याला, निम्मं शेतीला. 17 ऑक्टोबरला तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांनी उद्घाटन केलं.

यायियाने टीव्हीवर ते पाहिलं. "माझी आजी खोटं बोलत नव्हती," ती म्हणाली. मग आवाज बंद करून पुढे म्हणाली, "फक्त पाणी कुणासाठी येतंय, ते तिने सांगितलं नव्हतं."

2003 मध्ये रेषेवरची फाटकं उघडली, तेव्हा ती गाव बघून आली होती. झरा कोरडा पडला होता. तिच्या घरात राहणाऱ्या तुर्की बाईने तिला आत बोलावलं, कॉफी दिली, पाणी दिलं. बाटलीतलं.

शनिवारी मी पासपोर्ट दाखवून रेषेपलीकडे जायचो. तिथे जुन्या सराईजवळ कॉफी पीत बसणाऱ्या एका देदेशी, म्हणजे आजोबांशी, ओळख झाली. तो मूळचा दक्षिणेतल्या पाफोसचा. 1975 मध्ये उत्तरेत आला आणि त्याला ग्युझेलयुर्तला संत्र्यांची बाग मिळाली, अर्थात कुणा ग्रीकाची सोडलेली. विहिरी उपसून उपसून तिथल्या भूजलात समुद्र शिरला होता. "आमचा चहा साखर घालूनही खारट," तो म्हणायचा. नव्या पाण्याने तो खूश होता. तरी त्याने मला नसरुद्दीन होजाची गोष्ट ऐकवली. होजा बाजाराला निघाला, तशी सगळी पोरं म्हणाली, मला शिट्टी आण. पैसे दिले एकानेच. परत आल्यावर होजाने त्याच्या हातात शिट्टी ठेवली: पैसे देईल तो वाजवील. आपल्याकडे ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसंच.

तुर्कीत तुर्कस्तानला 'आनावतन' म्हणतात, आईदेश, आणि उत्तर सायप्रसला 'याव्रुवतन', लेकरूदेश. एप्रिल 2015 मध्ये तिथे अध्यक्ष झालेले मुस्तफा अकिंजी म्हणाले, आता आपण भावंडांसारखं वागू. एर्दोगान यांनी ते जाहीरपणे झटकलं. आई ती आईच.

आईने पाणी धाडलं, पण ते घरोघरी पोचवायचं कुणी? नगरपालिका म्हणाल्या, आम्ही. अंकारा, म्हणजे तुर्कस्तानचं सरकार, म्हणाली, खासगी कंपनी. महिनोन्‌महिने घोळ चालला. मार्च 2016 मध्ये करार झाला, बराचसा अंकाराच्या मनासारखा. एप्रिलमध्ये उत्तरेतलं आघाडी सरकार कोसळलं. त्याला तुर्कस्तानच्या आर्थिक मदतीच्या अटींचंही कारण होतं, पण देदे म्हणाला, "शिट्टी वाजली."

तुर्की बाजूने याला 'शांततेचं पाणी' म्हटलं, दक्षिणेलाही देऊ म्हटलं. दक्षिणेतल्या सरकारने ती जलवाहिनीच बेकायदा ठरवली. शत्रूच्या हातातल्या तोटीला तोंड कोण लावणार? पण 2008 च्या दुष्काळात याच दक्षिणेने ग्रीसमधून जहाजांनी पाणी आणलं होतं. तहान लागली की दोन्ही लेकरं आपापल्या आईकडे धावली. मधली रेषा ओलांडून शेजाऱ्याकडे तांब्या घेऊन कुणी गेलं नाही.

जानेवारी 2020 मध्ये समुद्रातला नळ तुटला. दुरुस्तीला ऑक्टोबर उजाडला. पाणी पुन्हा सुरू झाल्याचा समारंभ 6 ऑक्टोबरला अंकारात झाला. उत्तरेतली अध्यक्षीय निवडणूक पाच दिवसांवर होती आणि एर्दोगान यांच्याबरोबर होते अकिंजींचे प्रतिस्पर्धी एर्सिन तातार. दुसऱ्या फेरीत अकिंजी हरले.

याच अकिंजींची एक गोष्ट यायियाने मला सांगितली होती, नाक मुरडत, पण कौतुकाने. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ते उत्तर निकोसियाचे महापौर होते आणि दक्षिणेचे महापौर होते लेलोस दिमित्रियादिस. युद्धाची राख अजून गरम होती. तरी दोघे भेटले आणि शहराच्या गटारांचा एकच आराखडा करून मोकळे झाले, कारण उताराला रेषा कळत नाही. "आमचं पिण्याचं पाणी वेगळं," यायिया म्हणाली, "घाण मात्र एकत्र जाते."

समुद्राखालून आलेल्या पाण्याचा नळ आजही दक्षिणेत जात नाही. दोन्ही निकोसियांचं बरंचसं सांडपाणी मात्र रेषेच्या उत्तरेला, मिया मिलियाच्या एकाच केंद्रात शुद्ध होतं.