गिझरमागची वायर

विजेवर पाणी तापवण्याची सोय भारतीय घरांत आली ती दिव्यांच्या मागून, आणि बरीच उशिरा. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली. १९०७ मध्ये शहरात विजेची ट्राम धावू लागली. घरात वीज घेतली जाई ती चार दिव्यांसाठी, फार तर एखाद्या पंख्यासाठी. आंघोळीचे पाणी त्यानंतरही कित्येक दशके तांब्याच्या बंबातच तापत राहिले. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. बंब चिंचेने घासावा लागे, धूर सोसावा लागे; वायर मात्र लागत नसे.

भिंतीवरचा गिझर उभा आहे तो निकेल-क्रोमियमच्या तारेवर. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना या मिश्रधातूचे पेटंट १९०६ मध्ये मिळाले. लालबुंद होईपर्यंत तापली तरी ही तार झटकन जळून तुटत नाही. धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून तिच्या मधोमध ही तार बसवली की नळी पाण्यात बुडवता येते: उष्णता बाहेर येते, वीज आतच राहते. क्षारांचे थर चढून नळीला चीर गेली, तर मात्र वीज पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यावर उतरते. म्हणून गिझरला फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तिसरी तार अत्यावश्यक ठरते.

खरी अडचण भिंतीत होती. साठ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर घेतो. दोन हजार वॅटचा गिझर जवळपास पावणेनऊ. म्हणजे एका न्हाणीघरात तेहतीस दिव्यांचा भार. जुनी केसिंग-कॅपिंगची वायरिंग लाकडी पट्टीतल्या दोन खाचांतून जाई. एकीत फेज, दुसरीत न्यूट्रल, वर स्क्रूने बसवलेले लाकडी झाकण. तिसऱ्या तारेला जागाच नव्हती. पुढे सागवानी बॅटनवर क्लिपांनी बसवलेली वायर आली, तिच्याबरोबर अर्थिंगची उघडी तारही जाऊ लागली. रबराच्या वेष्टनाची जागा हळूहळू पीव्हीसीने घेतली.

प्लग आला ब्रिटिशांकडून. गोल पिनांचे पाच आणि पंधरा अँपिअरचे प्लग ब्रिटनमध्ये १९३४ च्या मानकाने पक्के झाले. १९४७ मध्ये तेथे चौकोनी पिनांच्या तेरा अँपिअर प्लगचे मानक आले आणि गोल पिना मागे पडल्या. भारताने त्या ठेवल्या, आकडे तेवढे सहा आणि सोळा झाले. गिझर, इस्त्री, शेगडी यांसाठी जाड पिनांचे वेगळे सॉकेट आणि त्याला थेट मीटरपासून आणलेली वेगळी लाइन, ही विभागणी त्या काळापासूनची. अनेक ठिकाणी ‘लाइट’ आणि ‘पॉवर’ यांचे दर आणि मीटरही वेगळे असत.

साठच्या दशकात परकीय चलनाची टंचाई होती आणि तांबे बहुतांशी आयातीचे. घरगुती वायरिंगमध्ये ॲल्युमिनिअम शिरले ते तेव्हा. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा त्याचा रोध सुमारे दीडपटीहून अधिक, म्हणून तांब्याच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या जागी ॲल्युमिनिअम चारचे लागे. त्याचा मोठा दोष स्क्रूखाली दिसतो. दाबाखाली हा मऊ धातू हळूहळू पसरतो, त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, जोड सैल होतो आणि तापतो. दिव्याच्या पाव अँपिअरला हे खपून जाते. गिझरच्या लाइनवर मात्र प्लगची पिन काळी पडते, सॉकेट वितळते आणि दोष बहुतेकदा गिझरच्या माथी येतो.

जुना गिझर काढून नवा बसवताना हा सगळा इतिहास बोर्डाच्या मागे सापडतो. भिंतीत लाल, काळी, हिरवी वायर. नव्या गिझरच्या केबलमध्ये बहुधा तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. तपकिरी लालला, निळी काळीला, हिरवी-पिवळी हिरवीला. हिरवी वायर पुढे कोठे पोचते हे तपासणे अधिक महत्त्वाचे, कारण पुष्कळ जुन्या घरांत अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपवरूनच घेतलेले असे. नळाची दुरुस्ती करताना त्या पाइपचा एखादा तुकडा जरी प्लॅस्टिकचा घातला, तरी अर्थिंग तेथेच तुटते. गिझर पूर्वीसारखाच चालत राहतो. नव्या वायरिंगमध्ये म्हणूनच स्वतंत्र अर्थिंग, गिझरसाठी वेगळा एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी बसवतात.