उतारा आपला, वाचायचाही आपणच

मी नगर जिल्ह्यात तलाठी होतो. पाथर्डी, नेवासा आणि शेवटी अकोले तालुक्यातल्या सजांवर माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही गावातली माणसं मोबाइल पुढे करून म्हणतात, "भाऊसाहेब, एवढं जरा बघा." कुणाला सातबारा सापडत नाही, कुणाची पीक पाहणी चढत नाही, कुणाच्या फोनवर भलताच ओटीपी आलेला असतो. मी त्यांना वापरायची रीत सांगतो आणि ती रीत कुठून आली हेही सांगतो. कारण अ‍ॅप नवं असलं तरी त्यातली बहुतेक पथ्यं या जिल्ह्याने फार पूर्वी, मोठी किंमत मोजून शिकलेली आहेत.

सुरुवात निजामशाहीपासून करावी लागते. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, पण मलिक अंबरने निजामशाही पुढे पाव शतक उभी ठेवली. १६२६ मध्ये तो वारला. त्याची फौज आणि गनिमी लढाई सर्वांना ठाऊक आहे. महसुलातलं त्याचं काम मात्र त्याहून जास्त काळ टिकलं. वसुलीचा इजारा त्याने बंद केला. जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून आकार ठरवायचा, वसुली पाटलामार्फत गावाकडून घ्यायची, अशी घडी त्याने बसवली. शेतात काय उभं आहे ते डोळ्यांनी बघून मगच लिहायचं, हे तत्त्व तेव्हापासून आपल्या मातीत आहे.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी मोजणी आणली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यात इंदापूरपासून पैमाइशीला सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे नगरलाही आली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि तिथेच लोक गोंधळतात. एवढं लक्षात ठेवा: एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित कमी. एक एकर उताऱ्यावर ०.४०.४७ असा दिसतो. पडद्यावर क्षेत्र दिसलं की आधी हा हिशोब मनात करा आणि घरातल्या जुन्या खरेदीखताशी ताळा घ्या. दशांशाची एक चूक दहापट जमीन खाते.

मग आलं १८७५. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात उठलेला शेतकऱ्यांचा उद्रेक लवकरच आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या भागांत पसरला. लोकांचा राग होता सावकाराच्या कागदांवर. खतं, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून त्यांनी जाळले. त्या कागदावर काय लिहिलंय हे सही करणाऱ्याला वाचता येत नव्हतं. सावकार लिहील ते खरं, आणि खाली कुणब्याने ओढलेली नांगराची निशाणी. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा आला. त्यातली कलमं आजही वाचण्यासारखी आहेत. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, त्यातला मजकूर त्याला समजलाय याची निबंधकाने खात्री करावी; भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला असावा.

ओटीपीचा विषय निघाला की मी हा इतिहास सांगतो. ओटीपी हा तुमचा अंगठा आहे. कशावर उमटतोय हे कळल्याशिवाय तो कुणाला द्यायचा नाही, मग समोरचा बँकेचं नाव सांगो की अनुदानाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या योजनेच्या नावाने आलेली फाइल फोनमध्ये बसवायची नाही. अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. महसूल खात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. त्यापुढे तिरकी रेघ सोडून दुसरं काही चिकटवलेलं दिसलं तर तिथून मागे फिरा. आणि पैसे भरलेत की पावती उतरवून घ्या, निदान पडद्याचा फोटो काढून ठेवा. पावतीचा हक्क इथल्या शेतकऱ्यांनी दंगलीनंतर मिळवलेला आहे, तो आळसाने सोडू नका.

अधिकार अभिलेखाचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसुलाच्या कायद्यात सामावला. पुढे गाव नमुन्यांची पद्धत पक्की झाली. नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, नमुना बारा म्हणजे तीत पीक काय, नमुना सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेलं आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे आलं. त्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय.

पीक पाहणी आम्ही पायी करायचो. दप्तर बगलेत, बरोबर कोतवाल, बांधावर उभं राहून विचारायचं: मालदांडी की हायब्रीड, विहिरीवर की पाटावर, बांधाला झाडं कोणती. ज्वारीत करडईच्या ओळी असल्या तर मिश्र पीक म्हणून वेगळं लिहायचं. एका सजात कितीतरी गट, हंगाम मात्र थोड्या दिवसांचा. मग कुठे कुठे चावडीत बसूनच गेल्या वर्षीची ज्वारी यंदाही लिहिली जायची आणि रानात कांदा उभा असायचा. गारपीट झाली की हा फरक शेतकऱ्याच्या गळ्याशी यायचा. मदत मिळते ती नोंदीतल्या पिकाला.

मग संगणक आला. हस्तलिखित उतारे संगणकात चढवले गेले, गावोगाव चावडी वाचन झालं आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. इथे दोन उतारे वेगळे ओळखा. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी. पंधरा रुपये भरून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा कामाला चालतो. त्यावर सही-शिक्का लागत नाही आणि तळाच्या क्रमांकावरून तो खरा की खोटा हे कुणालाही तपासता येतं. जमीन घेताना समोरच्याने दाखवलेल्या छापील कागदावर विसंबू नका, स्वतः नवा काढा.

शोधताना जिल्ह्याआधी विभाग विचारला जाऊ शकतो. आपला विभाग नाशिक. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा जुन्या नावाने सापडला नाही तर नव्या नावाने बघा. जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावात जुना सर्व्हे नंबर टाकून उपयोग नाही, गट नंबर लागतो. गटाला पोटहिस्से असतील तर नुसता पहिला आकडा टाका आणि पुढच्या यादीतून आपला हिस्सा निवडा.

याहून मोलाची सोय आहे 'आपली चावडी'. फेरफाराची नोटीस पूर्वी चावडीच्या भिंतीला लागायची आणि पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या भावाला तिचा पत्ताही नसायचा. आता गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा घरबसल्या दिसतात. हरकतीला १५ दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. बहिणींची नावं वारसनोंदीतून गळण्याचे प्रकार मी पाहिलेत; मुदतीत हरकत घेतली तर ते वेळीच थांबतं, नाही तर पुढे अपिलात वर्षं जातात. म्हणून महिन्यातून एकदा ही चावडी उघडाच.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचं अ‍ॅप राज्यभर सुरू झालं. तेव्हा महसूलमंत्री होते संगमनेरचे बाळासाहेब थोरात, आणि पुढच्याच वर्षी ते खातं लोणीच्या राधाकृष्ण विखे पाटलांकडे गेलं. दोघेही आपल्याच जिल्ह्यातले. नमुना बारा लिहिण्याचं काम या अ‍ॅपने शेतकऱ्याच्या हाती दिलं. मला याचा आनंद आहे. मात्र बांधावर जाण्याची जबाबदारीही आता त्याचीच. विभागापासून गावापर्यंत निवडायचं, खातेदाराचं नाव आणि गट निवडायचा, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन भरायचं आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोन जागा ओळखतो, त्यामुळे लोकेशन चालू ठेवा आणि बांधावर न थांबता पिकात आत जा. अकोल्याच्या डोंगराकडे रेंज नसते. तिथे शेतात फोटो घ्या, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा आणि ते झालंय याची खात्री करूनच फोन खिशात टाका. पडीक रान असलं तर तेही नोंदवा. चूक झाली तर ४८ तासांत दुरुस्त करता येते. शेवटी गावाच्या यादीत आपलं नाव हिरवं झालंय का ते बघा. शेवटच्या तारखेची वाट बघू नका. त्या दिवशी सगळा महाराष्ट्र एकाच दाराशी उभा असतो.

ज्यांना फोन जमत नाही त्यांनी शेजारच्या पोराकडून भरून घ्यायला हरकत नाही. मात्र शेतात त्याच्याबरोबर स्वतः जावं आणि भरलेलं मोठ्याने वाचून घ्यावं. तरुणांनीही आई-वडिलांना वाचून दाखवल्याशिवाय बटण दाबू नये.

संगणकाच्या उताऱ्यात नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल, तर लेखनातली चूक दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे. जुना हस्तलिखित उतारा आणि फेरफाराची नक्कल जोडून तहसीलदारांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. जुनी कागदपत्रं फोनमध्ये आलीत म्हणून फेकू नका. ताळा त्यांच्याशीच घ्यायचा असतो.

अंबरच्या काळी गावासाठी पाटील बोलला, इंग्रजांच्या काळी कुलकर्ण्याने लिहिलं, पुढे आम्ही तलाठ्यांनी. जमीन कसणाऱ्याला आपली नोंद स्वतः लिहायला आणि वाचायला मिळाली ती आत्ताच्या पिढीत. खरिपाआधी एकदा आणि रब्बीआधी एकदा, घरातल्या सगळ्यांनी बसून सातबारा, आठ-अ आणि फेरफार उघडावेत, बायकांनी, मुलींनीही. एवढी सवय लागली तर पुढच्या पिढीचे निम्मे तंटे उभेच राहणार नाहीत.