गप्पांची परीक्षा : इंग्रजी संभाषण-चाचणीचा इतिहास आणि मुळशी तालुक्याचा संदर्भ

बीजशब्द : इंग्रजी शिक्षण, तोंडी परीक्षा, संभाषण, गप्पा, मुळशी

प्रस्तावना

इंग्रजीच्या तोंडी परीक्षांमध्ये ‘मित्रांशी गप्पा’ हा विषय आता नित्याचा झाला आहे. मित्रांशी गप्पा मारायला आवडते का, कशाविषयी बोलता, समक्ष बोलणे बरे वाटते की दूरध्वनीवरून, अशा स्वरूपाचे प्रश्न उमेदवाराला विचारले जातात. वरवर पाहता याहून सोपा विषय असू शकत नाही. त्यासाठी ग्रंथवाचन लागत नाही, माहितीही जमवावी लागत नाही. तरीही प्रदूषण किंवा स्त्री-शिक्षण या विषयांवर बऱ्यापैकी बोलणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी नेमका गप्पांच्या प्रश्नावर अडखळतो, हा अनुभव इंग्रजीच्या अध्यापकांना अपरिचित नाही. या अडखळण्याचे कारण केवळ शब्दसंग्रहाच्या तोकडेपणात शोधणे अपुरे आहे. त्याची मुळे आपल्याकडील इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासात आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात हा तालुका १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सुरू झालेल्या आणि सेनापती बापटांच्या नावाशी कायमचा जोडल्या गेलेल्या सत्याग्रहासाठी ओळखला जातो. आज याच तालुक्यात हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान संकुल आहे, लवळे येथे सिंबायोसिस विद्यापीठाचा परिसर आहे आणि खुबवली येथे १९९७ मध्ये सुरू झालेले, देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचे महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तेथे इंग्रजी ही मित्रांच्या बोलण्याचीही भाषा असते. याच तालुक्यात पौडपासून ताम्हिणीकडे जाणाऱ्या मावळपट्टीत इंग्रजी हा मुख्यतः शाळेच्या वेळापत्रकातील एक विषय असतो. अंतर काही मैलांचेच आहे. परंतु या दोन इंग्रजींमधील अंतर मैलांत मोजता येणारे नाही.

लेखणीची इंग्रजी

पुण्यात इंग्रजी आली ती दरबार आणि कचेरीच्या वाटेने. पेशवाईच्या अस्तानंतर १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे १८५१ मध्ये ही पाठशाळा व येथील इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज उभे राहिले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. या पिढीची इंग्रजी विलक्षण होती. तिने ग्रंथ पचवले, अर्ज-विनंत्या लिहिल्या, सभांमधून भाषणे केली, सरकारशी युक्तिवाद केला. मात्र ही इंग्रजी बहुतांशी वरिष्ठाशी अथवा सभेशी बोलण्याची होती. दोन समवयस्क मराठी मित्र संध्याकाळी फिरायला निघाले की मनातले बोलणे मराठीतूनच होई, आणि त्यात अस्वाभाविक असे काहीच नव्हते.

शिक्षणपद्धतीनेही हीच घडण पक्की केली. इंग्रजी शिकणे म्हणजे वाचणे, भाषांतर करणे, व्याकरण चालवणे आणि निबंध लिहिणे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतील अनेक पिढ्या पोसल्या. १९३० च्या दशकात आलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने तिच्या जोडीला स्थान मिळवले. या पुस्तकांची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी वाक्य कसे उभे राहते ते शिकवले. परंतु वाक्य दुसऱ्याच्या वाक्याला कसे टेकते, मध्येच कसे तुटते, हसण्याने कसे पुरे होते, हे त्यांच्या कक्षेत नव्हते. ‘माझा मित्र’ हा विषय होता, पण तो निबंधाचा. मित्राचे नाव, त्याचा स्वभाव, त्याचा अभ्यास, त्याची आज्ञाधारकता. त्या निबंधातला मित्र सहसा बोलत नसे.

तोंडी परीक्षेचा उगम

इंग्लंडमध्येही परकीयांसाठी बोलण्याची परीक्षा फार जुनी नाही. केंब्रिजने १९१३ मध्ये इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली, तेव्हा श्रुतलेखन, प्रकटवाचन आणि संभाषण यांना तीत जागा दिली होती. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि एकही उत्तीर्ण झाला नाही. परदेशी विद्यापीठांत जाणाऱ्यांसाठी १९६४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टोफेलमध्ये बोलण्याचा स्वतंत्र भाग नव्हता. तो २००५ मध्ये इंटरनेट-आधारित आवृत्तीबरोबर आला. ब्रिटिश परंपरेत १९८० च्या परीक्षेत मुलाखत होती आणि तिच्या जागी १९८९ मध्ये आयईएलटीएस आली. २००१ मध्ये तिच्या तोंडी भागाची पुनर्रचना झाली. अकरा ते चौदा मिनिटांची ही मुलाखत तीन भागांत विभागली गेली : आधी परिचयाचे प्रश्न, नंतर एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत सलग बोलणे, शेवटी चर्चा. परीक्षकाने काय विचारावे याची संहिताही बांधून देण्यात आली, जेणेकरून सर्वांना समान वागणूक मिळावी.

त्याच वर्षी, म्हणजे २००१ मध्ये, युरोप परिषदेने भाषिक क्षमतांची जी सामाईक चौकट प्रसिद्ध केली तीत ‘मित्रांशी अनौपचारिक चर्चा’ अशी एक स्वतंत्र श्रेणीच आहे. कोणत्या पायरीवरील शिकणारा मित्रांच्या बोलण्यात किती भाग घेऊ शकतो, याचे वर्णन तेथे क्रमाने दिले आहे. गप्पांना इतक्या पद्धतशीरपणे पायऱ्या लावल्या जातील, असे आपल्या पारावरच्या मंडळींना क्वचितच वाटले असते.

येथे एक मूलभूत अडचण उद्भवते. लिओ व्हॅन लिअर यांनी १९८९ मध्येच विचारले होते की, तोंडी मुलाखतीला संभाषण म्हणता येईल काय? गप्पांमध्ये विषय कोणीही बदलू शकतो, प्रश्न कोणीही विचारू शकतो, आणि कोणी उठून जाऊही शकतो. मुलाखतीत हे सर्व अधिकार एकाच्याच हाती असतात. आयईएलटीएसमध्ये गुण दिले जातात ते ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांवर. समोरच्याला बोलते करणे, त्याचे ऐकून घेणे, यांसाठी वेगळा निकष नाही. म्हणजे उमेदवाराने गप्पांविषयी बोलायचे असते, गप्पा मारायच्या नसतात. परीक्षेच्या दृष्टीने यात गैर नाही, समान न्यायाची ती किंमत आहे. परंतु किंमत आहे हे विसरता कामा नये.

‘गप्पा’ या शब्दाविषयी

मराठीत गप्पा ‘मारतात’, ‘ठोकतात’, ‘हाणतात’, ‘झोडतात’ आणि ‘छाटतात’. इतकी हिंसक क्रियापदे इतक्या निरुपद्रवी कामासाठी अन्य भाषांत असतील की नाही, हा शोधाचा विषय आहे. मूळ शब्द फारसी ‘गप’. त्याला थापेचा, वावडीचा वासही आहे. ‘गप्पा मारू नकोस’ म्हणताना आपण खोटे बोलू नकोस असेच सुचवतो. गंमत अशी की, हा शब्द इंग्रजांनीही उचलला. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात रिकामटेकड्या वार्तालापासाठी ‘गप’ नोंदवलेला आहे. छावणीतल्या साहेबांनी गप्पांसाठी आपला शब्द घेतला, आणि आपण त्यांच्याकडून अर्जाचा मसुदा घेतला. उलट दिशेची देवघेव शाळेत कधी घडली नाही. तेथील पहिली आज्ञा ‘गप्प बसा’ हीच राहिली.

राज्य मंडळाचा अनुभव

महाराष्ट्रात २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी मराठी शाळांत हा विषय पाचवीपासून असे. नव्या धोरणाचा भर ऐकण्या-बोलण्यावर होता आणि त्या काळी झालेल्या वादात मराठीच्या भवितव्याची चिंताही खरी होती. पुढे दहावीच्या भाषा विषयांत लेखी ८० व तोंडी २० अशी गुणविभागणी रूढ झाली. निदान कागदावर तरी शालेय इंग्रजीत बोलण्याला हक्काची जागा मिळाली.

तिचे काय झाले, ते २०१९ मध्ये स्पष्ट झाले. शाळा तोंडी परीक्षेचे गुण सढळ हाताने देतात या आक्षेपावरून २०१८-१९ मध्ये हे गुण बंद करण्यात आले. दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. पालक व शाळांकडून नापसंती व्यक्त झाली आणि २०१९-२० पासून अंतर्गत गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. अर्थात त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाची परीक्षाच होऊ शकली नव्हती, आणि २०१९ मध्ये अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे या चढउतारांचे सर्व श्रेय वा दोष तोंडी गुणांना देता येणार नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्या सर्व चर्चेत वीस गुणांचा विचार मुख्यतः निकालाच्या टक्केवारीच्या अंगाने झाला. त्या वीस गुणांत विद्यार्थी काय बोलतो, हा प्रश्न मागेच राहिला. बोलण्याची जागा मिळाली, पण ती उत्तीर्ण होण्याची शिडी म्हणून.

पुन्हा मुळशीकडे

या पार्श्वभूमीवर मुळशीतील विद्यार्थ्याची स्थिती समजून घेता येते. हिंजवडीतील नोकरीची मुलाखत, लवळ्याच्या परिसरातील प्रवेश, परदेशी शिक्षण, या सर्वांच्या दारात इंग्रजी बोलणे उभे आहे. म्हणून तो तयारी करतो, आणि ती त्याच्या आजोबांनी केली तशीच करतो : उत्तर लिहून काढतो, तपासून घेतो, पाठ करतो. मित्राचे नाव, त्याचा स्वभाव, आम्ही आठवड्यातून किती वेळा भेटतो. जुना ‘माझा मित्र’ निबंधच दोन मिनिटांत उभ्याने म्हटला जातो. परीक्षकाला तो पाठ केलेला आहे हे पहिल्या दोन वाक्यांत कळते. विद्यार्थ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या भाषेत त्याने मित्राची थट्टा केली नाही, रुसवा काढला नाही, चुगली केली नाही, त्या भाषेत त्या गप्पांचे वर्णन आपसूक कोठून यावे? त्याच्या खऱ्या गप्पा पौडच्या एसटी थांब्यावर, पिरंगुटच्या कारखान्यातील पाळी सुटल्यावर, भाताच्या खाचरांच्या बांधावर मराठीत झालेल्या असतात, त्यांत ‘मेसेज’, ‘रिचार्ज’, ‘टेन्शन’ हे शब्द सहज मिसळलेले असतात. ही मिसळ परीक्षेत चालत नाही. युरोप परिषदेने २०१८ मध्ये आपल्या चौकटीला जोडलेल्या पुरवणीत अनेक भाषांचा एकत्र वापर करण्याच्या क्षमतेसाठी श्रेणी दिल्या आहेत, पण प्रवेशाच्या दारातल्या परीक्षा आपल्या जागी आहेत.

तोंडी परीक्षा देऊन विद्यार्थी वर्गाबाहेर येतो तेव्हा व्हरांड्यात त्याचे मित्र थांबलेले असतात. काय विचारले, काय सांगितलेस, बाई हसल्या का, कोठे अडलास, अशी एकच झुंबड उडते. त्या व्हरांड्यात तो पाच मिनिटे न थांबता बोलतो.